न खेळणाऱ्याची जर्सी

दार उघडलं तेव्हा गॅरेट लाहटी नटून बसला होता. पायात स्केट्स, नाड्या घोट्यापर्यंत आवळलेल्या, खांद्यांवर पॅड, त्यावर कॉलेजची पांढरी जर्सी, मांडीवर जाळीचं हेल्मेट आणि चेहऱ्यावर हसू. हसू त्याने जरा आधीच काढून ठेवलं होतं. थोड्या वेळापूर्वी भिंतीपलीकडून प्रचंड गलका आला होता, मग वेळ संपल्याचा भोंगा, आणि त्या दोन आवाजांचा त्याने आपल्या मनाने हिशेब लावला होता: आपण आणखी एक गोल मारला, सामना संपला, राष्ट्रीय अजिंक्यपद आपलं. उजव्या स्केटची शेवटची गाठ मारून तो बर्फावर धावणारच होता, तेवढ्यात सगळा संघच आत आला. कप्तान ड्रू स्कोरिच पुढे आणि बाकीचे मागून, घामाने निथळत, एकमेकांकडे न बघता. कोणी ओरडत नव्हतं. जिंकलेला संघ ड्रेसिंग रूममध्ये येत नाही, तो बर्फावर एकमेकांच्या अंगावर लोळत असतो, हे गॅरेटच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मग कळलं. बरोबरी झाली होती. गलका बॉस्टनवाल्यांच्या गोलाचा होता, आणि आता विश्रांतीनंतर जादा वेळ खेळायचा होता. जो पहिला गोल मारेल तो जिंकेल. चेहऱ्यावरचं हसू आता कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

सगळ्यांनी त्याला पाहिलं. म्हणजे एकेकाने पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. अंतिम सामन्यातून ज्याला वगळलं तो माणूस कोरड्याठाक अंगाने कप घ्यायला सजून बसलाय, आणि कप अजून कुणाचाच नाही. आइस हॉकीत जे लहानाचे मोठे झाले त्यांना हा अपशकुन आहे हे समजावून सांगावं लागत नाही. संघातले सगळेच काही सामन्यात उतरत नाहीत, उरलेले सूट आणि टाय घालून वर प्रेक्षकांत बसतात. पण अंतिम सामना असला आणि आपण पुढे असलो, तर शेवटी शेवटी त्यांनी हळूच खाली यायचं, सगळा पोशाख चढवायचा आणि सामना संपला की बाकीच्यांबरोबर बर्फावर उडी घ्यायची. मग फोटोत कोण खेळला आणि कोण नाही ते ओळखू येत नाही. रीत चांगली आहे. खोच एवढीच, की खाली कधी उतरायचं. उशीर केला तर वरात निघून जाते, घाई केली तर बाजारात तुरी. गॅरेटच्या शेजारी वर बसलेला टकर, तोही वगळलेलाच, त्याला म्हणाला होता, "भोंगा वाजल्याशिवाय मी टायची गाठसुद्धा सैल करणार नाही. तुला जायचं तर जा बाबा, पाप तुझ्या माथी." तिसरा, शेवटचा भाग जेमतेम निम्मा झाला होता आणि संघ फक्त एका गोलाने पुढे होता. तरी गॅरेट हसून उठला होता आणि लोकांचे गुडघे ओलांडत, सॉरी म्हणत, जिन्याकडे गेला होता.

तो कपसाठी उठला नव्हता. हे त्याला स्वतःला माहीत होतं आणि दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. वरच्या कुठल्या संघाने त्याला विचारलं नव्हतं, विचारतील असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. जूनपासून तो काकांच्या धंद्यात, विहिरी खोदण्याच्या कामावर, जाणार होता. म्हणजे आज अंगावर चढलेला पोशाख परत कधी चढणार नव्हता, आणि तो घाईघाईत, टकरच्या कोपराचे धक्के खात चढवायची त्याची इच्छा नव्हती. रिकाम्या ड्रेसिंग रूममध्ये त्याने टीव्ही मुद्दाम लावला नाही. सूट काढून खिळ्याला नीट अडकवला. मग नेहमीच्या क्रमाने, डावं आधी आणि उजवं नंतर, नडगीचे पॅड, लांब मोजे, मोज्यांवरून टेप. टेप सुटताना होणारा आवाज त्याला फार आवडायचा, अगदी लहानपणापासून. तो आवाज झाला की आता कोणी घरी बोलावणार नाही याची खात्री व्हायची. पॅडना कॉलेजच्या चार वर्षांच्या घामाचा वास होता, कितीही धुतले तरी न जाणारा, आई ज्याला मेलेल्या उंदराचा वास म्हणायची. त्याने तो छाती भरून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणत्याही सामन्यासाठी कपडे घालत नव्हता, आणि आपल्याला बरं वाटतंय हे पाहून त्याला जरा आश्चर्य वाटलं. मग तो गलका आला. सिमेंटच्या भिंतीपलीकडून लोकांचा आनंद आणि लोकांचा आकांत सारखाच ऐकू येतो, पण त्याला तेव्हा तसं वाटलं नाही.

सकाळी हॉटेलच्या न्याहारीला कोच हेल्गेसन त्याच्या समोर येऊन बसले होते. हेल्गेसन कुणाच्या टेबलावर बसत नसत, म्हणून ते बसले तेव्हाच गॅरेटला सगळं कळलं होतं. "आज रीसला उतरवतोय," ते म्हणाले. "बॉस्टनवाल्यांचे पाय फार जोरात आहेत."

"हो कोच."

"गुरुवारच्या सामन्यात तू वाईट खेळलास असं नाही."

"नाही कोच."

"दुसरा कोणी असता तर नावं भिंतीला चिकटवून मोकळा झालो असतो. तुला समजेल म्हणून तुला सांगायला आलो."

"समजलं कोच. बरोबरच आहे."

हेल्गेसननी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि ते कॉफी घ्यायला गेले. बरोबरच होतं, हीच तर अडचण होती. बचावात मागे धावताना रीस ह्यूबर त्याच्याहून दोन पावलं तरी पुढे असायचा. पहिल्या वर्षाचं पोर, पण बर्फावर त्याला कोणी ढकलल्यासारखा जायचा. गॅरेटने ते स्वतः कितीदा कौतुकाने पाहिलं होतं. चार वर्षं तो संघातला समजूतदार माणूस होता. ज्याला घरची आठवण येऊन रडू यायचं तो गॅरेटच्या खोलीत यायचा, ज्याला बाकावर बसवलं तो गॅरेटशेजारी बसायचा. स्पर्धेसाठी सगळ्यांनी केस ब्लीच करून पिवळे करायचे ठरवलं तेव्हा आधी माझे करा म्हणून गॅरेटच पुढे झाला, म्हणजे बाकीचे लाजणार नाहीत. असं म्हणतात की समजूतदार माणसाच्या ताटात शेवटी रस्सा उरतो. पलीकडच्या टेबलावर रीस पावाला लोणी लावत होता. लावून झालं तरी लावत होता, आणि इकडे बघत नव्हता. गॅरेटने आपलं ऑम्लेट संपवलं. मग वडिलांना फोन केला. ते आणि काका पहाटेच खाणींच्या आपल्या गावाहून निघाले होते आणि अर्ध्या वाटेवर पेट्रोल भरत होते. "मी खेळत नाहीये आज," तो म्हणाला.

"अच्छा," वडील म्हणाले. मागे वारा ऐकू येत होता. "मग आम्ही यायचं ना?"

"या की. तिकिटं आहेत."

"तू कुठे असणार?"

"वर. सूट घालून."

"सूटमध्ये बरा दिसतोस तू," वडील म्हणाले. "पिवळ्या केसांचं मात्र काही सांगता येत नाही."

ड्रेसिंग रूममध्ये आता कोणीतरी हातमोजे जमिनीवर आपटले. गोलकीपर थीले आपल्या जागी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला, तो नेहमीच तसा बसायचा. रीस येऊन गॅरेटशेजारी बसला, कारण त्याची जागाच तिथे होती. संत्र्याच्या फोडी आणि पाण्याच्या बाटल्या फिरू लागल्या. गॅरेटच्या पुढे आल्या तेव्हा त्याने त्या न घेता पुढे सरकवल्या. पाणी पिण्याचाही आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं. शेवटी स्कोरिच बोलला. चार वर्षं दोघे एका खोलीत राहिले होते, आणि स्कोरिच चिडला की विनोद करायचा. "काय रे लाट्स," तो टॉवेलने मान पुसत लाहटीला म्हणाला, "नवरदेव बोहल्यावर चढलासुद्धा? नवरीकडच्यांनी अजून होकार दिलेला नाही म्हणावं."

दोघेतिघे हसले. ते हसणं ऐकून खोलीतलं सगळ्यात वाईट काय ते होऊन गेलं, असं गॅरेटला वाटलं. पण कोपऱ्यातून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "काढायला सांगा ना त्याला."

"हां, काढ लाट्स. उगाच कशाला."

"काढायचं नाही," थीले भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला.

"का?"

"घातलं तेव्हा जे व्हायचं ते झालं. आता काढलं तर दुसऱ्यांदा होईल."

यावर खोलीत दोन तट पडले. देशातल्या सगळ्यात मोठ्या सामन्याच्या विश्रांतीत, एकाच गोलावर सगळं अडलेलं असताना, शिकलीसवरलेली मुलं एका माणसाने पॅड घालून बसावं की काढून बसावं यावर वाद घालू लागली. एक जण म्हणाला, अर्धं काढू दे. दुसरा म्हणाला, अर्धं म्हणजे सगळ्यात वाईट, माझ्या भावाच्या संघाने तसं केलं होतं. गॅरेट ऐकत होता. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं आपल्याबद्दल नाही, एखाद्या खुर्चीबद्दल आहे, इकडे ठेवायची की तिकडे, असं त्याला वाटत होतं. जिंकले तर तो त्या फोटोत असणार होता, त्यांच्यातला एक म्हणून. हरले तर लाहटीने कपडे घातले आणि कप गेला, हे वाक्य तयारच होतं. त्याच्या गावात, जिथे हिवाळ्यात बोलायला दुसरा विषय नसतो, ते तो म्हातारा होईपर्यंत पुरलं असतं. आणि विहिरी खोदताना ज्या ज्या शेतावर जाईल तिथे कॉफी देता देता कोणीतरी विचारणार होतं, तोच का रे तू? कोच हेल्गेसन आत आले, त्यांनी ऐकलं, गॅरेटकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आहे तसा राहू दे त्याला. आणि आता तोंडं बंद." मग त्यांनी फळ्यावर तीन रेघा काढल्या, त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही, आणि सगळे उठून गेले. जाताना काही जणांनी सवयीने गॅरेटच्या पॅडवर मूठ टेकवली. रीसनेही टेकवली.

स्केट्स घालून वर प्रेक्षकांत जाता येत नव्हतं आणि स्केट्स काढायच्या नव्हत्या, तेव्हा तो तिथेच राहिला. ओल्या टॉवेलांच्या आणि संत्र्याच्या सालींच्या खोलीत. त्याने टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. वडील कुठल्या बाजूला बसले असतील याचा तो विचार करू लागला. वडील सामना बघताना कधी ओरडत नसत. ते हात खिशात घालून उभे राहत, आणि त्याने चूक केली की जरा खोकत. लहानपणी घरामागच्या परसात ते बागेच्या नळीने पाणी सोडून बर्फाचं मैदान करायचे. रोज कामावरून आल्यावर एक थर. गॅरेट खिडकीत स्केट्स घालून बसलेला असायचा, आणि वडील म्हणायचे अजून नाही, उद्या. उद्या म्हणायचे परवा. त्या मुलाला बर्फाची जेवढी ओढ होती तेवढी पुढे कशाचीच लागली नाही, हे आज गॅरेटला स्पष्ट दिसलं, आणि ते दिसून त्याला दुःख झालं नाही, फक्त नवल वाटलं. ओढ कधी कमी झाली? कॉलेजात आल्यावर? की त्या दिवशी, जेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आपण चांगले आहोत आणि आणखी चांगले होणार नाही? ते कळलं तेव्हा तो एका बसमध्ये होता, बाहेर बर्फ पडत होता, आणि त्याच्या मांडीवर कोणाचं तरी डोकं होतं. झोपलेल्याला त्रास होऊ नये म्हणून तो त्यानंतरही तासभर हलला नव्हता. ते डोकं बहुतेक स्कोरिचचं असावं.

टीव्हीची एक गंमत त्याला गुरुवारीच कळली होती. दुसरा उपांत्य सामना त्यांनी इथेच बसून पाहिला होता, आणि तेव्हा लक्षात आलं होतं की भिंतीपलीकडे गलका आधी होतो आणि पडद्यावर गोल नंतर. चित्र कुठून तरी फिरून येतं, त्याला काही सेकंद लागतात. त्या दिवशी मुलांनी त्यावरून पैजा लावल्या होत्या. आता एकटं बसल्यावर त्यात गंमत वाटत नव्हती. पडद्यावर जे चाललं होतं ते सगळं होऊन गेलेलं होतं. स्कोरिच पडद्यावर वळत होता तेव्हा खरा स्कोरिच दुसरीकडे कुठेतरी होता. बॉस्टनच्या लाल जर्सी येत होत्या, जात होत्या, थीले गुडघ्यांवर पडून पकची काळी रबरी चकती छातीशी धरत होता, आणि गॅरेट पडद्यापेक्षा भिंतीकडेच जास्त लक्ष देत होता. असा बराच वेळ गेला. पोशाखाच्या आत त्याला आता थंडी वाजायला लागली होती. हा पोशाख धावणाऱ्यासाठी असतो, बसणाऱ्याला तो ऊब देत नाही.

मग गलका झाला. दिवे लटकवलेल्या छतापासून जमिनीपर्यंत सगळं हादरलं, पायाखालची रबरी चटईसुद्धा. आणि पडद्यावर अजून काहीच झालेलं नव्हतं. पडद्यावर रीसकडे पक आला होता. आपल्याच अर्ध्या भागात, मधल्या रेषेच्या अलीकडे, रीस पाठमोरा होता आणि बॉस्टनचा एक उंच खेळाडू त्याच्या अंगावर धावून येत होता. गॅरेटला त्या जागेचा इंच न् इंच ठाऊक होता, ती त्याची जागा होती. त्याला माहीत होतं की इथे पाय अडखळला तर तो उंच माणूस एकटाच थीलेसमोर जाईल आणि सगळं संपेल. संपलेलंच होतं. बाहेर एका बाजूचे लोक नाचत होते आणि एका बाजूचे डोकी धरून बसले होते. कोणते ते अख्ख्या इमारतीत फक्त त्याला माहीत नव्हतं. आणि त्या सेकंदांत त्याच्या मनात एक शब्द आला, कुणीतरी कानात बोलावं इतका साफ: पड. पड रे. त्यात राग नव्हता. रीस त्याला आवडायचा. पण रीस पडला असता म्हणजे सगळे आत आले असते, या बाकांवर येऊन बसले असते, शेवटच्या वर्षाची मुलं पोशाख न काढता तशीच बसून राहिली असती, तशी बसतातच, आणि मग त्या खोलीत तो आणि ते यांच्यात काही फरक उरला नसता. हे सगळं त्याला एका दमात समजलं. खाली पाहिलं तेव्हा त्याची बोटं उजव्या स्केटची नाडी सोडत होती. तीन फासे सुटलेसुद्धा होते. तो हरला होता आणि कपडे काढायला लागला होता, आणि त्याला हलकं वाटत होतं.

रीस पडला नाही. कसे कोण जाणे, त्याचे पाय आपोआप वळले, उंच माणूस बाजूने निघून गेला, आणि रीसने पक लांबवर सरळ रेषेत पाठवला. तिकडे स्कोरिच होता. स्कोरिचच्या स्टिकचा शेंडा लागला न लागला आणि बॉस्टनच्या जाळीमागचा गोलचा लाल दिवा लागला. पडद्यावर हातमोजे हवेत उडाले. गॅरेट हेल्मेट डोक्यावर चढवत उठला, एक स्केट आवळलेली आणि एक लोंबती, आणि त्या लांब रबरी वाटेवरून धावत सुटला. धावताना तो ओरडत होता. आनंदानेच ओरडत होता, असं त्याला वाटलं, आणि कदाचित ते खरंही होतं. दार उघडं होतं. बर्फावर पाऊल टाकताच उजवा घोटा मुडपला आणि तो पहिल्याच क्षणी तोंडावर पडला. प्रेक्षक हसले, चांगल्या मनाने हसले. तिकडून टकर येत होता, सूट, टाय आणि चामड्याच्या बुटांत, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून म्हशीसारखा सरकत. "भोंगा वाजला का रे?" गॅरेटने त्याला विचारलं. "वाजला, वाजला," टकर म्हणाला आणि स्वतःच त्याच्या अंगावर कोसळला.

कप आधी कप्तानाला देतात. स्कोरिचने तो उचलला, डोक्यावर धरला, एक फेरी मारली आणि रिवाजाप्रमाणे दुसऱ्याला द्यायला थांबला. सगळ्यांना वाटलं थीलेला देईल. त्याने तो गॅरेटपुढे धरला. "घे," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि नाक वाहत होतं. "तू नटून बसलास म्हणून आलं हे. आईशप्पथ. मी आतून निघताना म्हटलं, लाट्स तयार बसलाय, आता त्याला रिकाम्या हाताने कपडे कसे काढायला लावायचे? माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं." मग वळून तो बाकीच्यांना ओरडून म्हणाला, "याने काढले असते ना कपडे, तर आपण मेलो होतो!" सगळे त्याचं नाव घेऊन ओरडू लागले. थीलेने येऊन त्याच्या हेल्मेटवर हेल्मेट आपटलं आणि म्हणाला, "मी सांगत होतो." म्हणजे वाक्य तयार झालं होतं, फक्त दुसरं. लाहटीने कपडे घातले आणि कप आला. हेही गावात म्हातारपणापर्यंत पुरणार होतं. गॅरेटने कप उचलला. काचेपलीकडे वडील उभे होते, गर्दीत रेटले जात, एक हात खिशात. दुसऱ्या हाताने ते खाली काहीतरी दाखवत होते. ते काय दाखवतायत हे त्याला आधी कळेना. मग कळलं. नाडी सुटली आहे, बांध, असं ते सांगत होते.

त्याने कप पुढच्याला दिला, बाजूला कठड्याशी जाऊन एक गुडघा टेकला आणि नाडी ओवायला लागला. बोटं गार पडली होती. रीस येऊन शेजारी बसला, बर्फावरच, पाय पसरून. कोणीतरी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं होतं, पिवळे केस कपाळाला चिकटले होते. "तुझी जागा होती," तो म्हणाला. "मला माहीत आहे."

"अरे, सोड."

"सकाळी मी गेलो होतो कोचकडे. म्हटलं लाट्सला खेळवा, त्याचं शेवटचं वर्ष आहे. ते म्हणाले, न्याहारी कर."

गॅरेटने नाडी ओढली. काही बोलायला हवं होतं, म्हणून तो म्हणाला, "बरोबर म्हणाले. तू मस्त खेळलास."

"नाही ना." रीसने इकडेतिकडे पाहिलं. बाकीचे लांब होते, कपाभोवती. "तुला एक सांगू? दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. तो शेवटचा पक माझ्याकडे आला ना, तेव्हा मला वाटलं, पडावं. खरंच. मी दमलो होतो, घाबरलो होतो, आणि मला वाटलं, पडलो की संपेल एकदाचं. कोणीही मारा गोल. त्यांनी मारला तरी चालेल. म्हणजे मला तसं व्हायलाच हवं होतं, कळतंय का? पाय वळले ते माझ्या हातात नव्हतं." तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "हे सगळे माझ्या पाठीवर थापा मारतायत. आई रडतेय तिकडे. कुणाला असं वाटतं का रे कधी?"

तो गॅरेटकडे बघत राहिला. त्याला सल्ला नको होता, हे कुणालाही दिसलं असतं. त्याला एक शब्द हवा होता, आणि तो शब्द या अख्ख्या इमारतीत एकाच माणसाकडे होता. मलाही. एवढंच म्हणायचं होतं. मलाही तेच वाटत होतं, त्याच सेकंदाला, त्याच जागेसाठी, मीही तुला पड म्हणत होतो. म्हटलं असतं तर दोघे तिथेच बर्फावर बसून हसले असते किंवा रडले असते, आणि चार वर्षांत गॅरेट कुणाच्या जवळ गेला नव्हता तेवढा या पोराच्या जवळ गेला असता. शब्द तोंडात आलेला होता. गॅरेटला तो जिभेवर जाणवला.

"होतं असं," तो म्हणाला, आणि त्याने रीसच्या खांद्यावर थाप मारली. "पहिलंच वर्ष आहे तुझं. दमलं की माणसाच्या मनात काहीबाही येतं. मी नाही सांगणार कुणाला."

रीसने मान हलवली. "थँक्यू," तो म्हणाला. शाळेतल्या मास्तरांना म्हणतात तसं म्हणाला, आणि उठून, अंगावरचा बर्फ झटकून, निघून गेला. फोटोवाला सगळ्यांना बोलावत होता. रीस जाऊन रांगेच्या अगदी टोकाला, कोणाच्या तरी मागे उभा राहिला. मधली जागा, कपाच्या शेजारची, मुलांनी रिकामी ठेवली होती आणि ते सगळे गॅरेटला हाका मारत होते. त्याने गाठ पक्की केली आणि तो तिथे जाऊन उभा राहिला.